वन्यजीव चित्रकला : निरीक्षण आणि रेखाटन

वन्य प्राणी-पक्षी त्यांच्या अधिवासासह रंगवण्याची कला म्हणजे वन्यजीव चित्रकला. शास्त्रीय आलेखनात जात ओळखता आली की काम भागते; इथे तो जीव त्या घटकेला काय करत होता, हेही दिसावे लागते. ते नुसत्या हातखंड्याने साधत नाही. त्यासाठी प्राण्यासमोर तासन्‌तास बसावे लागते, आणि निसर्गाची ओढ असल्याशिवाय कोणी इतके बसत नाही.

प्राणी समोर बसून पाहिला की नाही, याने पडणारा फरक जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या दोन चित्रांत स्वच्छ दिसतो. १५०२ मधल्या त्याच्या सशाच्या अंगावरची लव कुठे वळते, कुठे विरळ होते, हे नजरेला पटते. १५१५ चा गेंडा मात्र त्याने न पाहता, ऐकीव वर्णन आणि दुसऱ्याच्या रेखाटनावरून काढला. त्याच्या पाठीवर नसलेले एक छोटे शिंग उगवले.

प्रत्यक्ष रेखाटनासाठी ८×४२ची (आठपट मोठे दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण, मऊ शिशाची २बी पेन्सिल आणि हातात मावणारी वही पुरते. आधी पाच-दहा मिनिटे काहीही न काढता नुसते पाहावे. मग १० ते ३० सेकंदांत पाठीची रेषा, डोक्याचा कल आणि शरीराचा भार कोणत्या पायावर आहे, एवढेच टिपावे. प्राणी हलला की ते चित्र तसेच सोडून शेजारी दुसरे सुरू करावे. प्राणी त्याच त्या हालचाली पुन्हा करतात. जुनी ढब परत आली की अर्धे चित्र पुढे न्यावे. खोडरबरात वेळ घालवू नये. पानावर वेळ, उजेडाची दिशा आणि सावलीचा रंग लिहून ठेवावा, कारण सगळ्यात आधी विसरतो तो रंग.

शरीररचनेच्या चुका ठरलेल्या असतात. पक्ष्याचा उलटा वाकलेला ‘गुडघा’ हा खरे तर घोटा असतो. गुडघा पोटाच्या पिसांत लपलेला असतो. पंखाची प्राथमिक पिसे (बहुतेक पक्ष्यांत ९ ते ११) मनगटापुढच्या, म्हणजे पंजाच्या हाडांना आणि दुय्यम पिसे कोपरापुढच्या हाडाला जोडलेली असतात. हे ठाऊक नसले की पंख चिकटवल्यासारखा दिसतो. वाघाच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, पण घरातले मांजर पाहून ती उभ्या चिरेसारखी काढली जाते.

केसाळ अंग रंगवताना केस न् केस काढण्याचा मोह घातक. आधी छाया-प्रकाशाचे मोठे आकार बसवावेत, मग केसांची दिशा दाखवावी. सुटे केस फक्त कडेला आणि उजेड सावलीत वळतो तिथे. सगळीकडे सारखाच तपशील भरला की गोलाई मरते. अनेक प्राण्यांचे पोट पाठीपेक्षा फिके असते, त्यामुळे अंगावरची सावली पुसट होऊन प्राणी परिसरात मिसळतो. चित्रकार त्याला ‘उठाव’ द्यायला जातो आणि नेमके तेच हरवून बसतो.

छायाचित्राचा आधार घेण्यात गैर काही नाही. घोड्याची दौड खरी कशी असते, हे १८७८ मध्ये छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिजच्या कॅमेऱ्यानेच दाखवले. पण लांबून टेलिलेन्सने (दूरचे जवळ दाखवणाऱ्या भिंगाने) घेतलेल्या छायाचित्रात खोली चपटी होते, सावल्या काळ्या पडतात. त्या तशाच उतरवल्या तर छायाचित्राची नक्कल होते. सावलीतला आकाशाचा निळा किंवा गवताचा हिरवा रंग वहीतल्या नोंदींवरूनच परत आणावा लागतो.

प्राण्याने चरणे थांबवून रोखून पाहिले, तर अंतर कमी पडले आहे असे समजावे. विणीच्या काळात घरट्याजवळ बसूच नये. चोचीत किडा घेतलेला पक्षी घरट्यात न शिरता इशारे देत राहिला, तर पिले उपाशी राहत असतात. रेखाटन अर्धे टाकून लगेच मागे सरावे.