‘परत घेतले जाणार नाही’ म्हणजे दाद नाही, हा गैरसमज

परदेशी विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतलेली जुनी रेकॉर्ड वर्णनापेक्षा वेगळी निघाली आणि त्याने ‘माल परत घेतला जाणार नाही’ असे आधीच लिहिलेले असले, तर पैसे बुडालेच, अशी समजूत संग्राहकांमध्ये वर्षानुवर्षे चालत आली आहे. ती चुकीची आहे. ही अट मन बदललेल्या ग्राहकापुरती असते. चुकीच्या वर्णनाला तिचे संरक्षण मिळत नाही. ईबे या ऑनलाइन बाजारपेठेच्या ग्राहक-हमीखाली माल मिळाल्यापासून साधारणपणे ३० दिवसांत तक्रार करता येते. पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेवर पैसे भरल्यापासून १८० दिवसांत वाद दाखल करता येतो, मात्र तो दाखल केल्यापासून २० दिवसांच्या आत त्याचे दाव्यात रूपांतर केले नाही, म्हणजे निर्णयासाठी पेपॅलकडे सोपवला नाही, तर तो आपोआप बंद होतो, आणि विक्रेत्याच्या ‘थोडे थांबा’ या गोड शब्दांवर विसंबून हेच दिवस निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते. पेपॅलच्या मित्र-कुटुंबीयांसाठीच्या पर्यायातून पैसे पाठवले असतील, तर हे संरक्षण मिळत नाही.

तक्रार कशाची करावी, हेही नीट पाहावे लागते. रेकॉर्डची अवस्था सांगणाऱ्या गोल्डमाइन प्रतवारीत ‘व्हेरी गुड’ हे नाव भारदस्त असले, तरी संथ भागांत खरखर ऐकू येणे त्या प्रतीत गृहीतच धरलेले असते. याउलट ‘नियर मिंट’ (जवळजवळ नवी) म्हणून विकलेल्या तबकडीवरचे ठळक ओरखडे, किंवा ‘पहिली आवृत्ती’ म्हणून आलेल्या तबकडीच्या लेबलाजवळील कोऱ्या पट्टीत कोरलेला नंतरच्या आवृत्तीचा क्रमांक, हे तिरप्या प्रकाशात काढलेल्या छायाचित्रांनी स्पष्ट दाखवता येते.