एकाच नळीतून श्वासही आणि तरंगणंही

पाण्याखाली नळीने हवा घेणाऱ्याला हवा संपायची भीती नाही, असं वरवर वाटतं. पाठीवरच्या टाकीला मर्यादा असते. इथे नळीचं दुसरं टोक उघड्या हवेत असतं. पण या पद्धतीतले जुने अपघात नुसते हवा कमी पडून झालेले नाहीत. हवा नको तिथे साठली किंवा नको त्या दिशेने गेली, म्हणूनही माणसं जायबंदी झाली. जुन्या पोशाखात जी हवा पाणबुडा श्वासात घ्यायचा, तीच पोशाखात भरून त्याला वर उचलायची. ही दोन कामं एकमेकांपासून सोडवायला शंभराहून अधिक वर्षं लागली.

सुरुवात झाली ती आगीच्या धुरातून. चार्ल्स डीन या इंग्रजाने १८२३ मध्ये धुरात शिरण्यासाठी हवेच्या नळीचं शिरस्त्राण तयार करून पेटंट घेतलं. पुढे काही वर्षांत त्याने आणि त्याचा भाऊ जॉन याने ते पाण्यासाठी वापरायला घेतलं. पंपाची हवा शिरस्त्राणात यायची आणि जास्तीची हवा जाकिटाच्या कमरेखालच्या उघड्या कडेतून निघून जायची. तरंगण्याच्या दृष्टीने ही सोय उत्तम होती, कारण जादा हवा साठतच नसे. गोची एकच: पाणबुडा वाकला किंवा पडला, की त्याच उघड्या कडेतून पाणी आत.

१८३०च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमधल्या ऑगस्टस सीबे या यंत्रकारागिराने बंद पोशाख पुढे आणला. अंगभर जलरोधक कापड, त्याला घट्ट जोडलेलं शिरस्त्राण आणि हवा बाहेर जायला झडप. आता आडवं पडलं तरी चालत होतं. पण अख्खा पोशाखच आता हवेची पिशवी झाला. त्यात एक लिटर हवा वाढली की वर ढकलणारं प्लावक बल जवळपास एक किलोने वाढतं, आणि ते आवरायला हाताशी ती एक झडप.

१७८२ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ स्पिटहेडला बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचं काम कर्नल चार्ल्स पासली यांनी १८३९ मध्ये हाती घेतलं. त्या कामात हवेची नळी तुटून विल्यम्स नावाच्या सैनिकाचं काय झालं, याची नोंद आहे: चेहरा आणि मान सुजून काळीनिळी पडली. नळी वर तुटली की शिरस्त्राणातली दाबाखालची हवा उलटी वर पळते आणि आत दाब कोसळतो. बाहेरचं पाणी मात्र दाबतच असतं. २० मीटरवर हा फरक दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोचा, म्हणजे शिरस्त्राणाच्या तोंडाएवढ्या जागेवर हजार किलोंहून जास्त भार. माणूस अक्षरशः शिरस्त्राणात कोंबला जातो. यावर उपाय निघाला तो नळीच्या जोडापाशी बसवलेली एकमार्गी झडप. हवा आत येईल, परत जाणार नाही. पितळी शिरस्त्राणं संग्रहालयात काचेमागे झळकतात, पण माझ्या मते त्यांच्याहून जास्त जीव या चिमुकल्या झडपेने वाचवले असावेत.

पाणबुडा तोल जाऊन खाली कोसळला, तर मात्र तिचा उपयोग नाही. दाब वाढतो, पंप तेवढ्या वेगाने हवा पुरवू शकत नाही. यात उथळ पाणी जास्त वाईट. पृष्ठभागापासून १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. ३० वरून ४० मीटरला गेलं तर तो फक्त पाव पटीने वाढतो. म्हणूनच वर दोर धरणाऱ्याने तो कधी सैल सोडायचा नाही, हा शिरस्ता पडला.

उलट टोकाचा अपघात म्हणजे वर उसळणं. ३० मीटरवर पोशाखात दहा लिटर जादा हवा राहिली, तर १० मीटरपर्यंत वर येताना ती वीस लिटर होते आणि पृष्ठभागाशी चाळीस. पोशाख फुग्यासारखा ताठ, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, झडपेपर्यंत बोट पोचत नाही. हवा पायात शिरली तर डोकं खाली आणि पाय वर. म्हणून ब्रिटिश पोशाखात पायांच्या मागच्या बाजूला नाडी आवळायची सोय आली. अमेरिकी नौदलाच्या 'मार्क ५' मध्ये शिरस्त्राणाच्या आत हनुवटीने दाबून हवा सोडता यायची. हात कामात गुंतलेले असताना ही फार मोठी सोय होती. एवढी हवा बुडवायची तर वजनही तसंच हवं: शिशाचा पट्टा, जड बूट, सगळा सरंजाम साधारण ८६ किलो.

वर उसळलेला माणूस जिवंत निघाला तरी सुटला असं नव्हतं. दाब झपाट्याने उतरला की रक्तात विरघळलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडतो आणि इजा करतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवलं होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं प्रसिद्ध केली. त्याच कामात आणखी एक गोष्ट उघड झाली. खोल पाण्यात पाणबुड्यांना लागणारी धाप पुष्कळदा शिरस्त्राणात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असायची, कारण गळके हातपंप खोलीच्या प्रमाणात हवा पुरवतच नव्हते. भरपूर हवा सोडा, तर तरंगणं बिघडणार. कमी सोडा, तर गुदमरणार.

या पेचातून सुटायची वाट खरं तर १८६०च्या दशकातच सापडली होती. रुकेरोल आणि देनेरूझ या फ्रेंच जोडीच्या यंत्रात पाणबुड्याने श्वास ओढला, तरच तोंडाशी हवा यायची. श्वास पोशाखापासून वेगळा! पण शिरस्त्राणाची पद्धत पुढेही अनेक दशकं टिकून राहिली. ही फारकत कामाच्या पाण्यात रुळली ती समुद्रातल्या तेलविहिरींच्या काळात. १९७५ मध्ये आलेल्या कर्बी मॉर्गन कंपनीच्या 'सुपरलाइट १७' सारख्या शिरस्त्राणात मानेशी रबरी पट्टी असते आणि हवा तिच्या वरच राहते. पोशाखात जात नाही. पाठीवर संकटकाळची छोटी टाकी आली. नळीच्या जुडग्यात एक उघड्या तोंडाची बारीक नळी असते, तिच्यावरून वरच्या माणसाला खोली कळते. एकमार्गी झडप मात्र अजून तशीच आहे.

तरंगत्या कॉम्प्रेसरवरून तोंडात नळी धरून बुडी मारण्याची 'हुका' पद्धत याच वंशातली, फक्त सुटसुटीत. पोशाखातली हवा गेली, तशी तिच्यासोबत वर उचलणारी ताकदही गेली. राहिला तो फोमचा वेटसूट, जो खोल गेल्यावर दबून आपली उचल गमावतो. पृष्ठभागावर बेताचा वाटणारा शिशाचा पट्टा १० मीटरवर जड होतो. शिवाय इंजिनाचा धूर कॉम्प्रेसरच्या तोंडात ओढला गेला, तर नळीतून कार्बन मोनॉक्साइड खाली येतो, आणि त्याला ना वास ना रंग. हवा बंद पडली आणि श्वास रोखून वर धाव घेतली, तर फुप्फुस फाटायला दीड मीटरही पुरतं.

शिशाच्या पट्ट्याबाबत आज दोन उलटे नियम दिसतात, त्यांचं मूळही इथेच आहे. हुकावाल्याला वर उचलणारं दुसरं काहीच नसतं. त्याचा पट्टा एका हाताने झटकन सुटायलाच हवा, आणि हवेची नळी त्या पट्ट्याला नव्हे तर वेगळ्या पट्ट्यांना बांधलेली हवी. नाहीतर वजन टाकताना नळीही हातची जाईल. व्यावसायिक पाणबुड्याच्या मागे मात्र दोर, वर दक्ष माणूस आणि पाठीवर जादा हवा असते. त्याला भीती असते ती वजन चुकून सुटून टप्पे न घेता वर फेकलं जाण्याची. त्यामुळे त्याचं वजन सहजी सुटू नये असंच बांधतात.