फ्रीडरिशच्या चित्रांतली रिकामी जागा

बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगॅलरीत जर्मन निसर्गचित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशचं ‘समुद्राकाठचा भिक्षू’ हे चित्र आहे. जवळपास पावणेदोन मीटर रुंद कॅनव्हास. तळाशी फिकट वाळूचा पट्टा, त्यावर काळसर समुद्राची एक चीर, आणि बाकी सगळं आभाळ. वाळूवर एक माणूस उभा आहे, जेमतेम बोटाएवढा. या चित्राची इन्फ्रारेड तपासणी झाली तेव्हा समुद्रावर डोलकाठ्या असलेली गलबतं दिसली. फ्रीडरिशने आधी ती नीट रेखली होती, मग रंगाखाली बुजवून टाकली.

माझ्या मते हा चित्रकार समजून घ्यायचा तर त्या बुजवलेल्या गलबतांपासून सुरुवात करावी. त्याच्या चित्रांतलं ओकेपण आपसूक आलेलं नाही. एकेक वस्तू काढून टाकत त्याने ते घडवलं.

त्याचा जन्म ५ सप्टेंबर १७७४ रोजी बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डमध्ये झाला. हे बंदर तेव्हा स्वीडनच्या राजाच्या ताब्यात होतं. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. दहा भावंडांतला हा सहावा. सातव्या वर्षी आई गेली, पुढच्याच वर्षी एक बहीण गेली. १७८७ च्या डिसेंबरात बर्फ फुटून धाकटा भाऊ योहान ख्रिस्तोफर पाण्यात बुडाला. कास्पारला वाचवताना तो गेला, असं पुढे अनेकांनी सांगितलं.

सुरुवातीचे चित्रकलेचे धडे गावातच क्विस्टोर्प नावाच्या शिक्षकाकडे झाले. १७९४ ते १७९८ ही चार वर्षं कोपनहेगनच्या अकादमीत गेली आणि मग तो ड्रेस्डेनला आला तो कायमचाच. पहिली काही वर्षं त्याने मुख्यतः सेपियात, म्हणजे तपकिरी शाईच्या छटांत काम केलं. १८०५ मध्ये वायमारच्या स्पर्धेत कवी ग्योटेने त्याच्या दोन सेपिया चित्रांना अर्धं बक्षीस दिलं. स्पर्धेचा विषय हर्क्युलिसचा होता आणि याने पाठवली होती निसर्गचित्रं! ग्योटेशी पुढे फार जुळलं मात्र नाही. १८१६ मध्ये ढगांच्या नव्या शास्त्रीय वर्गीकरणाप्रमाणे ढग काढून द्यावेत, असं ग्योटेने सुचवलं. फ्रीडरिशने साफ नकार दिला. ढगांना असं कप्प्यांत बसवलं तर निसर्गचित्राचा पायाच ढासळेल, असं त्याला वाटत होतं.

पहिलं मोठं वादळ उठलं ते १८०८ च्या नाताळात. ‘डोंगरातला क्रूस’ हे वेदीचित्र त्याने आपल्या स्टुडिओत लोकांना दाखवलं. कातळाच्या माथ्यावर क्रूस, भोवती फरची झाडं, मागे मावळतीचे किरण. चर्चच्या वेदीवर बायबलमधला प्रसंग असायचा. इथे तर नुसता डोंगरच होता. रामदोर या समीक्षकाने जानेवारी १८०९ मध्ये लांबलचक लेख लिहून, निसर्गचित्र आता चर्चमध्ये शिरून वेदीवर चढू पाहतंय, अशी तक्रार केली. मित्र फ्रीडरिशच्या बाजूने उभे राहिले आणि त्यानेही या चित्राचा अर्थ लिहून दिला. एरवी तो असं कधी करत नसे. रामदोरची तक्रार चुकीची नव्हती, असं मला वाटतं. काय घडतंय हे त्याने बरोबर ओळखलं होतं, फक्त ते त्याला नको होतं.

‘भिक्षू’ १८१० मध्ये बर्लिन अकादमीच्या प्रदर्शनात ‘ओकच्या रानातला मठ’ या जोडचित्रासह लागलं. क्लाइस्ट या लेखकाने लिहिलं की हे चित्र पाहताना डोळ्यांच्या पापण्याच कापून टाकल्यासारखं वाटतं. पंधरा वर्षांच्या युवराजाच्या आग्रहावरून प्रशियाच्या राजाने दोन्ही चित्रं विकत घेतली. पाठोपाठ बर्लिन अकादमीचं सदस्यत्व आलं, १८१६ मध्ये ड्रेस्डेन अकादमीचंही आलं आणि त्याबरोबर वर्षाला दीडशे थालर मिळू लागले.

तो काम कसा करायचा हे आपल्याला बरंच नेमकं कळतं, कारण केर्स्टिंग या मित्राने त्याची स्टुडिओतली चित्रं काढून ठेवली आहेत. उघडी जमीन, ईझल, खुर्ची, भिंतीवर टांगलेली पट्टी आणि गुण्या. खिडकीचा खालचा भाग फळ्यांनी बंद, उजेड फक्त वरून. बाहेर फिरताना तो पेन्सिलने एकेक झाड, एकेक दगड टिपून त्यावर तारीख घालायचा. रंगकाम मात्र सगळं घरात. आभाळ रंगवायचं असेल त्या दिवशी त्याच्याशी बोलायची सोय नसते, असं त्याची बायको कारोलीना सांगायची.

म्हणूनच ‘धुक्याच्या समुद्रावरचा वाटसरू’मधली जागा नकाशावर शोधायला गेलात तर सापडणार नाही. १८१३ मध्ये फ्रेंच फौजांनी ड्रेस्डेन गजबजलं तेव्हा तो एल्ब नदीकाठच्या क्रिपेन गावी जाऊन राहिला. त्या उन्हाळ्यात टिपलेले कातळ पाचेक वर्षांनी या चित्रात वाटसरूच्या पायाखाली आले. मागचे सुळके वेगवेगळ्या ठिकाणचे. तुकडे सगळे खरे, पण ते एकत्र असे दिसतात ते केवळ त्या कॅनव्हासवर. आणि मधोमध ती पाठमोरी आकृती. चेहरा दिसत नाही, म्हणून आपण तिच्या नजरेने पाहू लागतो.

१८१८ च्या जानेवारीत त्याने कारोलीना बोमरशी लग्न केलं. तो तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. त्या उन्हाळ्यात दोघं ग्राइफ्सवाल्ड आणि रूगेन बेटावर जाऊन आले आणि त्यातून ‘रूगेनचे पांढरे कडे’ हे चित्र झालं. पुढच्या चित्रांत बायका दिसू लागतात, रंगही थोडे उजळतात. तीन मुलं झाली. १८२३ पासून नॉर्वेजियन चित्रकार डाल त्याच घरात वरच्या मजल्यावर राहू लागला.

बाहेरचं राजकीय वारं मात्र फिरलं होतं. नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात ज्यांनी स्वतंत्र, एकसंध जर्मनीची स्वप्नं पाहिली, त्यांच्यावरच १८१९ च्या कार्ल्सबाड हुकमांनंतर, म्हणजे जर्मन राज्यकर्त्यांच्या दडपशाहीच्या फर्मानांनंतर, पाळत बसली. फ्रीडरिश मनाने त्यांच्यातलाच. एका चित्रात चंद्राकडे पाहणाऱ्या दोन पुरुषांना त्याने जुन्या जर्मन धाटणीचा पेहराव चढवला होता आणि तो त्या काळी संशयास्पद ठरला होता. हे दोघं राजद्रोही कारस्थानं करतायत, असं त्याने भेटीला आलेल्यांना सांगितल्याची नोंद आहे. १८२४ मध्ये अकादमीत निसर्गचित्राच्या वर्गाची जागा रिकामी झाली. त्याला प्राध्यापकाची पदवी मिळाली, वर्ग मिळाला नाही.

‘बर्फाचा समुद्र’ याच वर्षांतलं. पायऱ्यांसारखे वर चढत गेलेले बर्फाचे फाळ आणि कडेला चिरडलेल्या जहाजाचा मागचा भाग. या चित्रावर बोलताना हमखास बुडालेल्या भावाची आठवण काढली जाते. मोह समजतो, पण मला ती वाट फार सोपी वाटते. १८२०-२१ च्या हिवाळ्यात एल्बमध्ये साचलेल्या बर्फाच्या लाद्यांचे त्याने तैलरंगात अभ्यास केले होते आणि उत्तर ध्रुवाकडच्या मोहिमांच्या बातम्या तेव्हा सगळीकडे वाचल्या जात होत्या. जहाज इतकं कोपऱ्यात आहे की ते आधी दिसतच नाही. हे चित्र त्याच्या हयातीत विकलं गेलं नाही.

लोकांची आवड आता बदलली होती. रशियन कवी झुकोव्हस्की मात्र त्याच्या पाठीशी राहिला. त्याच्यामार्फत बरीच चित्रं रशियाच्या राजघराण्याकडे गेली, आज ती सेंट पीटर्सबर्गच्या एर्मिताज संग्रहालयात आहेत. जून १८३५ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. हात तैलरंगाला साथ देईना, तेव्हा तो पुन्हा तरुणपणच्या सेपियाकडे वळला. ७ मे १८४० रोजी तो ड्रेस्डेनमध्ये वारला, तेव्हा फारसं कोणाच्या लक्षात नव्हता.

पुढची पन्नासेक वर्षं तो विस्मरणातच होता. त्याला पुन्हा उजेडात आणण्याचं श्रेय मुख्यतः नॉर्वेजियन कला-इतिहासकार आंद्रेआस औबर्टचं. १९०६ च्या बर्लिनमधल्या मोठ्या प्रदर्शनात त्याची तीसहून अधिक चित्रं लागली आणि लोक थक्क झाले. १९३१ मध्ये म्युनिकच्या ग्लासपालास्ट या प्रदर्शनाच्या इमारतीला आग लागली, त्यात त्याची नऊ चित्रं जळाली. मग नाझींनी त्याला ‘खरा जर्मन’ म्हणून मिरवलं आणि युद्धानंतर त्याची शिक्षा त्याच्या चित्रांना भोगावी लागली. जवळपास शतकभर आधी जग सोडलेल्या माणसाला, त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या राज्यकर्त्यांच्या पापाचा वाटेकरी केलं गेलं, हा अन्यायच होता. १९७४ मध्ये द्विशताब्दीला हाम्बुर्ग आणि ड्रेस्डेन दोन्हीकडे मोठी प्रदर्शनं झाली तेव्हा कुठे ते सावट विरळ झालं.

२०१६ मध्ये ‘भिक्षू’ आणि ‘मठ’ यांची तीन वर्षं चाललेली दुरुस्ती पूर्ण झाली. पिवळं पडलेलं वॉर्निश आणि इतरांनी नंतर चढवलेले रंग निघाले, तेव्हा फ्रीडरिशचं आभाळ कितीतरी हलकं, निळसर निघालं. २०२४ मध्ये जन्माला अडीचशे वर्षं झाली. त्या निमित्ताने हाम्बुर्गमध्ये भरलेलं प्रदर्शन तीन लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचं अमेरिकेतलं पहिलं मोठं प्रदर्शन उघडलं. ज्याने भिक्षूच्या भोवतीची गलबतं बुजवली, त्याचा तो भिक्षू वाटसरूसोबत अटलांटिक ओलांडून तिथे गेला होता.