नोकरी, नाटक आणि 1973 चा मार्च

एकांकिका स्पर्धांचा हंगाम संपला की महाराष्ट्रातल्या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपुढे तोच प्रश्न उभा राहतो: नोकरी धरायची की नाटक? आजचा सल्लाही ठरलेला आहे. मनाचं ऐका, नोकरी सोडा, बाकी आपोआप होईल. असा सल्ला देणाऱ्यांचा समज असतो की मराठी रंगभूमीवर ज्यांनी काही वेगळं करून दाखवलं, त्या सगळ्यांनी हीच उडी मारली होती. इतिहास तसा नाही. प्रायोगिक नाटकाच्या सर्वांत धीट काळात बहुतेक लोक सकाळी हजेरीपटावर सही करत होते आणि संध्याकाळी तालमीला येत होते. धोका त्यांनीही पत्करला, फक्त तो पगाराचा नव्हता.

1843 ची सांगली, जिथे विष्णुदास भाव्यांनी संस्थानाच्या आश्रयाने पहिलं मराठी नाटक उभं केलं, सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय झालं, याची चर्चा कमी होते. सांगलीचे अधिपती 1851 साली वारले आणि नाटकमंडळींच्या डोक्यावरचं छत्र गेलं. पोट भरायचं तर गावोगाव जाऊन तिकीट लावणं भाग होतं. 1853 मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाट्यगृहात खेळ झाले ते या गरजेतून. तिथून पुढे सुमारे ऐंशी वर्षं मराठी नाटक म्हणजे नाटक कंपनी. कंपनीत शिरणं म्हणजे खरोखरच घर सोडणं होतं. राहणं, जेवणं, आजारपण, लग्नकार्य, सगळं कंपनीच्या बिऱ्हाडात. मुलगा कंपनीत गेला की घरचे तो हातचा गेला असं धरून चालत. 1923 साली मुंबई इलाख्यात करमणूक कर आला, 1932 साली मराठी बोलपट आला आणि कंपन्यांची बिऱ्हाडं एकामागून एक मोडली. ज्यांनी सगळं आयुष्य तिथे ओतलं होतं त्यांच्या वाट्याला कर्ज आलं. पुढच्या पिढीच्या मध्यमवर्गीय घरांत नाटकाविषयी जी धास्ती होती, ती मला या मोडलेल्या बिऱ्हाडांची आठवण वाटते. तिला निव्वळ भित्रेपणा म्हणणं अन्याय होईल.

मधे 1933 साली मुंबईत शिकल्यासवरल्या मंडळींनी एकत्र येऊन नवं नाटक उभं करायचा प्रयत्न केला. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. नाटक गाजलं, पण संस्था काही वर्षांतच थांबली. नव्या नाटकाला तिकीटविक्रीवर जगता येत नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

स्वातंत्र्यानंतर या कोंडीतून वाट निघाली ती कचेऱ्यांमधून. पन्नासच्या दशकात राज्याच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. 1956 साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, 1969 साली चौदा मोठ्या बँकांचं. मुंबई-पुण्यात, नागपुरात, सोलापुरात एक मोठा वर्ग तयार झाला, ज्याचा पगार पक्का होता, सुटण्याची वेळ ठरलेली होती आणि नोकरी सहजासहजी जाणार नव्हती. बँक, विमा, टपाल, शाळा, रुग्णालय. साडेपाचला सुटायचं आणि सातला एखाद्या शाळेच्या वर्गात बाकं भिंतीला सरकवून तालीम सुरू करायची. कपडेपटाचे पैसे खिशातून, चहाचे वर्गणीतून. पुण्यात 1963 पासून महाविद्यालयांसाठी सुरू झालेल्या करंडक स्पर्धेने या व्यवस्थेला दरवर्षी नवी माणसं पुरवली.

या व्यवस्थेचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. नट पगारावर जगत होता म्हणून नाटकाने त्याला जगवण्याची गरज उरली नाही. नाटक पंधरा प्रयोगांत बंद पडलं तरी चूल पेटत होती. त्यामुळे प्रेक्षकाला आवडेल की नाही, निर्मात्याला परवडेल की नाही, हे प्रश्न तालमीच्या दाराबाहेर ठेवता आले. साठ आणि सत्तरच्या दशकांत हिंसा, लैंगिकता, जात, सत्ता यांवरची जी नाटकं मराठीत उभी राहिली, त्यांतल्या अनेकांना व्यावसायिक निर्मात्याने हातही लावला नसता. आज या लोकांकडे ‘सुरक्षित नोकरी करून हौस भागवणारे’ म्हणून पाहिलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. सुरक्षितता त्यांनी वापरली ती नाटक मोकळं ठेवण्यासाठी.

तरीही धोका होता, आणि तो कुठे होता हे 1972-73 च्या पुण्यात दिसतं.

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांच्या, पेशवाईतल्या पुण्यावर बेतलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. करणारी संस्था 1951 पासूनची, शहरात मान असलेली. तिथली ज्येष्ठ मंडळी शिक्षित, शिस्तीची, स्वतः नाटकात मुरलेली. नव्या मुलांना रंगमंचावर उभं राहायला त्यांनीच शिकवलं होतं. दिग्दर्शक होता तिशीतला डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवणारा. तालमीसाठी त्याची पुण्याला ये-जा असे. नाना फडणविसांची भूमिका करणाराही डॉक्टरच. नृत्यरचना चित्रकलेच्या शिक्षकाची, संगीत चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेतल्या अध्यापकाचं. रंगमंचावर ब्राह्मणांची ती प्रसिद्ध रांग, जी डुलत, गात, क्षणात पडदा होत होती आणि क्षणात पाठ फिरवत होती, तिच्यातले अनेकजण ज्या पेठांमधून आले होते त्याच पेठांवर नाटक बोट ठेवत होतं.

एकोणीस प्रयोग झाले आणि संस्थेच्या नेतृत्वाने नाटक थांबवलं.

या निर्णयावर गेली पन्नास वर्षं वाद आहे. एक बाजू सरळ सांगते की जुन्यांनी कच खाल्ली. मला ते अपुरं वाटतं. उघड आक्षेप दोन होते: नानांचं चित्रण इतिहासाला धरून नाही, आणि नाटक एका जातीविरुद्ध आहे. दुसऱ्या आक्षेपामागे काय असावं याचा विचार करायला हवा. गांधीहत्येनंतर 1948 मध्ये ब्राह्मणांच्या घरांची जी जाळपोळ झाली, तिला तेव्हा फक्त पंचवीस वर्षं झाली होती. त्या वेळी जी माणसं वयात आलेली होती तीच आता संस्था चालवत होती. सातारा, सांगली, कोल्हापूरकडचे घरं जळालेले नातेवाईक बहुतेक सगळ्यांच्या ओळखीत होते. जातीचं नाव घेऊन रंगमंचावर उभी राहिलेली रांग त्यांना केवळ नाट्यतंत्र म्हणून दिसली नसेल. शिवाय संस्था त्यांनी दोन दशकं पै-पै जमवून चालवली होती. एका नाटकापायी ती फुटली तर पुढची वीस नाटकं होणार नाहीत, हा हिशेब खोटा नव्हता.

पण तो हिशेब नाटकाचा नव्हता, संस्थेचा होता, आणि माझ्या मते तिथेच निर्णय चुकला. नाटक काय म्हणतं याबद्दल मुलांचं म्हणणं स्पष्ट होतं. हा इतिहासाचा धडा नाही. सत्ता आपल्या सोयीसाठी एक घाशीराम कसा तयार करते आणि काम झाल्यावर त्याला जमावाच्या हवाली कसं करते, याचं ते नाटक आहे. ज्यांनी ते महिनोन्महिने तालमीत अंगात भिनवलं होतं, त्यांना बाहेरच्या नाराजीसाठी ते बंद करणं शक्य नव्हतं. तसं केलं असतं तर त्याच संस्थेत पुढचं नाटक बसवताना त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला असता.

मग ते बाहेर पडले. 27 मार्च 1973 रोजी, जागतिक रंगभूमी दिनी, पुण्यात नवी संस्था स्थापन झाली. आज हे वाचताना वाटतं, त्यात काय, नवा बॅनर काढला. त्या वेळच्या पुण्यात ही गोष्ट साधी नव्हती. ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना नाही म्हणायचं होतं, आणि तेही त्याच शहरात, त्याच पेठांत राहून. लग्नाच्या पंगतीत, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर, दवाखान्यात रोज तीच माणसं भेटणार होती. जुन्या संस्थेचं नाव, तिचा प्रेक्षक, तिच्या तारखा, हे सगळं मागे राहिलं. नोकरी यांतल्या कुणाला सोडावी लागली नाही. सोडावं लागलं ते घर म्हणावं असं ठिकाण.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाहेर पडणं त्यांना परवडलं याचं कारणही पगारच. संस्थेवर कुणाचं पोट अवलंबून नव्हतं, म्हणून संस्थेचा शब्द शेवटचा ठरला नाही. कंपनीच्या काळात मालकाने खेळ बंद केला की नट उपाशी पडत असे. 1973 मध्ये नट दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडत होता, शाळेत तास घेत होता आणि संध्याकाळी नव्या संस्थेची घटना लिहायला बसत होता.

जानेवारी 1974 मध्ये नाटक पुन्हा उभं राहिलं. विरोध मात्र संपला नाही. 1980 साली पश्चिम बर्लिनचं आमंत्रण आलं तेव्हा वाद नव्याने पेटला, प्रकरण न्यायालयात गेलं आणि नाटक ऐतिहासिक नाही असं निवेदन प्रयोगापूर्वी करण्याची अट आली. ती पाळून युरोपचा दौरा झाला. पुढे प्रयोगांची संख्या शेकड्यांमध्ये गेली. थांबवणाऱ्या संस्थेनेही आपलं काम चालू ठेवलं, चांगली नाटकं केली. तिला खलनायक ठरवून ही गोष्ट सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात.

मुंबईत याच सुमारास, 1974 पासून, दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटकं होऊ लागली. लाकडी खुर्च्या, खालच्या रस्त्यावरचा गोंगाट, आणि तरीही मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती नाटकं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते सभागृह बंद झालं. त्यानंतर एका संस्थेने माहीमच्या पालिका शाळेत तळ ठोकला. छबिलदासवर लिहिलं गेलंय भरपूर, त्यामुळे इथे एवढंच.

त्यापेक्षा कमी लिहिलं गेलं ते गिरणगावावर. परळ-लालबागमध्येही नाटक पगारावरच उभं होतं, फक्त तो पगार गिरणीचा होता. पाळी संपवून तालमीला येणारे कामगार, चाळींची मंडळं, गणपतीतले नाट्यप्रयोग, परळचं दामोदर नाट्यगृह. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि गिरण्या पूर्वीसारख्या पुन्हा कधीच चालल्या नाहीत. पगार गेला तसा तिथल्या नाटकाचा पायाही गेला. त्या कामगारांना मनाचं ऐकायला सांगण्याची गरज नव्हती. ते ऐकतच होते, पण ऐकण्यासाठी लागणारी भाकरी त्यांच्या हातून काढून घेतली गेली. प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात हे प्रकरण तळटीपेत जातं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पांढरपेशा बाजूला तीच गोष्ट हळूहळू आणि सभ्यपणे झाली. 2000-01 मध्ये सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्ती योजना आणली. काही रंगकर्मींनी ती रक्कम घेतली आणि पूर्णवेळ नाटक-मालिकांत आले. मात्र त्यांच्या खुर्च्या पुन्हा भरल्या गेल्या नाहीत. त्याच काळात, 1999 आणि 2000 मध्ये, चोवीस तासांच्या मराठी वाहिन्या सुरू झाल्या. अभिनयावर घर चालवता येऊ लागलं, हे चांगलंच झालं. पण मालिकेचं चित्रीकरण तेरा-चौदा तास चालतं, आणि संध्याकाळी सातची तालीम ही गोष्टच वेळापत्रकातून गेली. कंपनी मोडल्यानंतर नटाने पगार आणि नाटक वेगळं केलं होतं. आता दोन्ही पुन्हा एक झालं, फक्त मालक वेगळा.

आजची नोकरी तरी संध्याकाळ कुठे मोकळी ठेवते? हिंजवडीतून सुटलेली गाडी सातला सदाशिव पेठेत पोहोचत नाही, आणि रात्री नऊला परदेशातल्या टीमबरोबर बैठक असते. ‘नोकरी सांभाळून नाटक करा’ हा जुन्यांचा सल्ला म्हणूनच आजच्या मुलांना पोकळ वाटतो. तो ज्या नोकरीच्या जोरावर दिला जात होता, ती नोकरीच राहिली नाही. या मुलांनी उडी मारली तर ती हौसेने मारली असं समजणं चूक आहे. अनेकांना काठच उरलेला नाही.

मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली. नोव्हेंबरात निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा बंद झाली आणि 22 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा सुरू झाली. नाइटवर, म्हणजे प्रयोगागणिक मिळणाऱ्या पैशांवर, जगणारे नट आणि पडद्यामागचे कामगार या काळात भाजी विकण्यापासून सामान पोहोचवण्यापर्यंत मिळेल ते काम करत होते. पूर्णवेळ रंगकर्मीला आजारपणाचा विमा, भविष्यनिर्वाह निधी, तालमीसाठी परवडणाऱ्या भाड्याची जागा कोण देणार, हा प्रश्न त्या दीड वर्षात मोठ्याने विचारला गेला. नाट्यगृहं उघडल्यावर चर्चा पुन्हा तारखांच्या वाटपावर आणि वातानुकूलन यंत्रांवर आली. एकांकिका स्पर्धा मात्र त्यानंतरही जोरात आहेत, आणि त्यातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलांना पहिल्या नाटकाच्या तालमीसाठी अजूनही एखाद्या शाळेचा रिकामा वर्गच शोधावा लागतो.