आंब्याची पट्टी आणि शेअरची पट्टी: दोन बाजार वेगळे कसे झाले त्याची पार्श्वभूमी

देवगडात ज्यांची कलमं आहेत त्यांना पट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. पेट्या रात्री टेम्पोत चढतात, वाशीला जातात, तिकडे दलाल आणि घेणारा रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवणार, आणि आपल्या हातात काय तर पट्टी, एवढ्या पेट्या, एवढा भाव, हमाली वजा, भाडं वजा. माल किती वाजता गेला, तेव्हा शेजारच्या गाळ्यावर काय भाव चालला होता, त्यातलं एक अक्षर त्यावर नसायचं.

परवा भाच्याने विचारलं, मामा, एकच शेअर बीएसई (बॉम्बे स्टॉक एक्स्चेंज) आणि एनएसई (नॅशनल स्टॉक एक्स्चेंज) दोन्हीकडे मिळतो तर दोन बाजार हवेत कशाला? तेव्हा मला आधी ही पट्टीच आठवली. कारण १९९३ मधे आमच्या आप्पांनी मुंबईच्या एका ओळखीच्या सबब्रोकरमार्फत (ब्रोकरच्या हाताखालचा दलाल) ५० शेअर विकले होते, त्याचा कागद मी अजून जपून ठेवलाय. त्यावर तारीख आहे, भाव आहे, वेळ नाही. पेपर दुसऱ्या दिवशी एसटीने यायचा, त्यात त्या दिवसाचा वरचा भाव, खालचा भाव छापलेला, आणि आप्पांना मिळालेला भाव बरोब्बर खालचा. भांडणार कशावर, पुरावाच नाही.

हे असं का होतं ते समजायला जरा मागे जावं लागेल. १८५० च्या सुमारास मुंबईत टाऊन हॉलसमोर, म्हणजे आताच्या हॉर्निमन सर्कलजवळ, वडाखाली थोडे दलाल जमायचे. मग अमेरिकेत यादवी युद्ध लागलं (१८६१ ते १८६५), तिकडचा कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला, आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत नुसता पैसा वाहायला लागला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव, राजाबाई टॉवरला त्यांनीच मोठी देणगी दिली, आईच्या नावाने. युद्ध संपलं तसा १८६५ मधे बाजार धाडकन कोसळला आणि लोक कंगाल झाले. त्यानंतर १८७५ मधे दलालांनी आपली रीतसर संघटना केली, ३१८ मेंबर, एक रुपया प्रवेश फी. तीच आजची बीएसई.

इथे खरी मेख आहे. संघटना दलालांची, म्हणजे बाजाराचे मालकही तेच, नियम करणारेही तेच आणि सौदे करणारेही तेच. सव्वाशे वर्षं असंच चाललं. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात ओरडून आणि हाताच्या खुणांनी सौदे व्हायचे, दोन्ही बाजूचे भाव पुकारणाऱ्या जॉबरला तिकडे तारवणीवाला म्हणायचे. सौदा चोपडीत लिहिला जायचा आणि संध्याकाळी हिशोब जुळवायचे. आता रिंगणात दिवसभर भाव वर-खाली होणार, वेळ कुठेच नोंदलेली नाही, मग देवगडच्या गिऱ्हाईकाच्या कागदावर त्यातला कुठला भाव पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्यात भर 'बदला' नावाच्या पद्धतीची. म्हणजे शेअर घेतला पण पैसे द्यायचे नाहीत, व्याज भरून सौदा पुढच्या हिशोबात ढकलायचा.

एप्रिल १९९२ ला हर्षद मेहता प्रकरण बाहेर आलं, बँकांच्या पैशावर शेअरचे भाव चढवल्याचं. सेबी, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था, होती, १९८८ पासून, पण कायद्याचे हात तिला १९९२ मधेच मिळाले. आणि सरकारी बँका, आयडीबीआय, एलआयसी अशा संस्थांनी मिळून नवीन बाजार काढला, एनएसई, डॉ. आर. एच. पाटील त्याचे पहिले एमडी. ३ नोव्हेंबर १९९४ ला शेअरचे सौदे सुरू झाले. रिंगण नाही, ओरडा नाही, सगळं स्क्रीनवर, आणि मालक दलाल नाहीत. ऑर्डर लावायचा नियमही साधा, ज्याचा भाव चांगला तो पुढे, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो पुढे, मग तो मुंबईचा असो की कणकवलीचा. कणकवलीचा म्हणतोय ते उगाच नाही, एनएसईने ब्रोकरची टर्मिनल, म्हणजे सौद्याचे कॉम्प्युटर, उपग्रहाने जोडली होती, त्यामुळे ब्रोकरच्या गच्चीवर एक मोठी छत्री बसवली की झालं. कणकवलीत एका गच्चीवर ती पहिल्यांदा दिसली तेव्हा आप्पांना वाटलं टीव्हीचीच.

वर्षभरात एनएसईची उलाढाल बीएसईच्या पुढे गेली. बीएसईने पण १९९५ मधे रिंगण बंद करून स्क्रीन आणली (तिचं नाव बोल्ट), पण गर्दी एकदा सरकली की सरकली, कारण जिकडे घेणारे-विकणारे जास्त तिकडे भाव घासून मिळतो, म्हणून आणखी लोक तिकडेच जातात. आजही दोन्हीकडे ऑर्डरची यादी वेगवेगळी असते, म्हणून एकाच शेअरचा भाव पाच-दहा पैशाने इकडे तिकडे दिसतो. बीएसईवर कंपन्या मात्र जास्त, पाच हजारांच्या वर, जुन्या आणि छोट्या कितीतरी फक्त तिथेच सापडतील.

आता एक मजबूत फरक जो आज विसरला गेलाय. नव्वदीच्या शेवटी सौद्यांचा हिशोब आठवड्याने व्हायचा, बीएसईचा आठवडा सोमवार ते शुक्रवार आणि एनएसईचा बुधवार ते मंगळवार. मग पैसे नसलेला माणूस शुक्रवारी बीएसईवर विकून त्याच वेळी एनएसईवर घ्यायचा, मंगळवारी उलटं करायचा, आणि असा खिशातून पैसे न काढता महिनोन्महिने सौदा फिरवत ठेवायचा. २००१ मधे केतन पारेखच्या शेअर घोटाळ्यानंतर बदला बंद, आठवड्याचा हिशोबही गेला, रोजचा आला. आधी सौद्यानंतर पाच दिवसांनी, २००२ ला तीन, २००३ ला दोन, आणि जानेवारी २०२३ पासून दुसऱ्याच दिवशी शेअर खात्यात. डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी खात्यात शेअर, १९९६ पासून नसतं तर यातलं काहीच झालं नसतं, ट्रंकेतली सर्टिफिकेटं पोस्टाने जायची तिथे एका दिवसात कसं होणार.

गावोगावचे शेअर बाजार मात्र या स्क्रीनने मारले. अहमदाबाद १८९४ चा, पुणे १९८२ चा, असे वीसेक होते, सेबीने २०१२ मधे बाहेर पडायचे नियम केले आणि एकेक मिटला, पुण्याचा २०१५ मधे. बीएसई टिकली पण स्वतः कंपनी झाली, २०१७ ला लिस्ट झाली ती एनएसईवर, कारण आपलाच शेअर आपल्याच बाजारात लावायला परवानगी नाही.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला २४ फेब्रुवारी २०२१ ला मिळालंय. त्या दिवशी सकाळी ११:४० ला एनएसई तांत्रिक बिघाडाने बंद पडली ती पावणेचारला सुरू झाली. मी बागेत फवारणीला होतो, मोबाईलवर सौदा अडकला म्हणून चरफडत होतो, आणि आप्पा, वय ऐंशी, पंपाची नळी धरून म्हणाले, "मगे दुसऱ्यार इक मां, थांबतस कित्याक?" बीएसई चालूच होती. विकला. कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे शेअरची पट्टी, रात्री ईमेलला आली, त्यावर वेळ होती, सेकंदासकट.