फ्लॉरिडा : अमेरिकेची २००० सालची अध्यक्षीय निवडणूक

अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी ७ नोव्हेंबर २००० रोजी झालेल्या मतदानात फ्लॉरिडा राज्याचा कौल अवघ्या ५३७ मतांनी रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या बाजूने गेला. अंतिम नोंदीनुसार बुश यांना २९,१२,७९०, तर डेमोक्रॅटिक उमेदवार व तत्कालीन उपाध्यक्ष अल गोर यांना २९,१२,२५३ मते पडली. अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या निर्वाचक मतांवर, आणि बहुतेक राज्यांत जो पहिला येतो त्याच्या पदरात त्या राज्याची सगळी निर्वाचक मते पडतात. फ्लॉरिडाची अशी २५ मते होती. ती धरून बुश यांची बेरीज २७१ झाली आणि हवी होती २७०. देशभरात गोर यांना सुमारे ५ लाख ४० हजार मते जास्त पडली होती, तरी अध्यक्षपद त्यांच्या हातून गेले.

राज्य मुळात कुणा एकाचे नव्हते. १९९२ मध्ये ते बुश यांच्या वडिलांकडे गेले होते, १९९६ मध्ये बिल क्लिंटन यांच्याकडे. आग्नेय किनाऱ्यावरच्या ब्रॉवर्ड, पाम बीच आणि मायामी-डेड या दाट वस्तीच्या काउंट्या (आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) गोर यांच्यामागे राहिल्या. उत्तरेकडचा ग्रामीण पट्टा आणि नैर्ऋत्य किनारा बुश यांच्याकडे झुकला. कृष्णवर्णीय मतदारांनी गोर यांना जवळजवळ एकगठ्ठा मते दिली. मायामीतल्या क्यूबन समाजाची मते मात्र बुश यांना गेली. क्यूबातून आलेल्या एलियान गोन्सालेस या लहान मुलाला त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्लिंटन-गोर सरकारच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी नातेवाइकांच्या घरातून नेले आणि पुढे तो वडिलांबरोबर क्यूबाला परतला. त्याचा राग तिथे ताजा होता. ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांनी सुमारे ९७ हजार मते घेतली. त्यांच्यामुळे गोर पडले, असे आजही म्हटले जाते. ते चूक नाही, पण ५३७ मतांच्या निकालात कुठलेही कारण उचलले तरी ते निर्णायकच ठरते.

ही निवडणूक लक्षात राहिली ती मतपत्रिकांमुळे. भारतात निवडणूक आयोग एक आणि मतदानाची पद्धतही एक. फ्लॉरिडात ६७ काउंट्या आणि जवळजवळ प्रत्येकीचा कारभार वेगळा. मतपत्रिकेची मांडणी स्थानिक निवडणूक अधिकारी ठरवत. त्यात १९९८ च्या घटनादुरुस्तीने छोट्या पक्षांना उमेदवारी सोपी झाली होती. परिणामी अध्यक्षपदासाठी दहा नावे छापायची वेळ आली.

पाम बीच काउंटीतल्या अधिकारी थेरेसा लपोर यांच्यापुढे अडचण अशी की, सगळी नावे एका पानावर घ्यायची तर टाइप बारीक होणार, आणि तिथे वयस्कर मतदार मोठ्या संख्येने. म्हणून त्यांनी नावे समोरासमोरच्या दोन पानांवर मोठ्या अक्षरांत छापली आणि छिद्रांची एकच रांग मध्ये ठेवली. डाव्या पानावर पहिले नाव बुश यांचे, कारण गव्हर्नरच्या पक्षाला पहिले स्थान देण्याचा नियम होता (गव्हर्नर होते जेब बुश, उमेदवाराचे सख्खे भाऊ). त्याखाली गोर. पण मधल्या रांगेतले दुसरे छिद्र उजव्या पानावरच्या पॅट ब्यूकॅनन या रिफॉर्म पक्षाच्या उमेदवाराचे होते आणि गोर यांचे तिसरे. डाव्या पानावर दुसरे नाव वाचून दुसरे छिद्र पाडणाऱ्याचे मत ब्यूकॅनन यांना जाई. तिथे त्यांना सुमारे ३,४०० मते पडली, राज्यातल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीपेक्षा कितीतरी जास्त. यातली बरीचशी आपली नसावीत, असे खुद्द ब्यूकॅननच म्हणाले. दोन छिद्रे पडल्याने बाद झालेल्या मतपत्रिका आणखी १९ हजारांवर होत्या. ड्यूव्हल काउंटीत वेगळाच घोळ झाला. तिथे नावे लागोपाठच्या दोन पानांवर होती आणि नमुना मतपत्रिकेवर सर्व पानांवर मत देण्याची सूचना होती. सुमारे २२ हजार जणांनी एकाहून अधिक नावांना मत दिले आणि ते वाया गेले.

मतदानाच्या रात्री दूरचित्रवाहिन्यांनी आधी गोर यांना विजयी ठरवले, तेही राज्याच्या पश्चिम टोकाला मतदान चालू असताना. मग घोषणा मागे घेतली, मध्यरात्रीनंतर बुश यांचे नाव जाहीर केले आणि पहाटे तेही मागे घेतले. गोर यांनी फोन करून पराभव मान्य केला होता. भाषणाला निघालेले असताना फरक झपाट्याने घटत असल्याचे कळले, तेव्हा पुन्हा फोन करून त्यांनी शब्द परत घेतला. पहिल्या मोजणीत बुश १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने कायद्याप्रमाणे यंत्रांवर फेरमोजणी झाली आणि तो काही शेकड्यांवर आला.

गोर यांनी चार काउंट्यांत हाताने मोजणी मागितली. कार्डाला टोचणीने छिद्र पाडले की कागदाची बारीक चौकोनी टिकली गळून पडायला हवी. ती लोंबकळत राहिली तर यंत्राला मत दिसत नसे. मोजणारे कार्ड उजेडासमोर धरून पाहत. एका कोपऱ्याला चिकटलेली टिकली चालेल का, नुसता खळगा पडला असेल तर काय, याचे उत्तर काउंटीगणिक आणि कधी टेबलागणिक बदलत होते. मायामी-डेडमध्ये मोजणीच्या खोलीबाहेर रिपब्लिकन कार्यकर्त्यांनी आरडाओरडा केला आणि त्याच दिवशी मोजणी थांबली. पाम बीचने थँक्सगिव्हिंग या सणाची सुट्टी घेतली आणि आकडे कळवण्याची २६ नोव्हेंबरची मुदत दोनेक तासांनी हुकवली. राज्यसचिव कॅथरीन हॅरिस यांनी ते आकडे न घेता ५३७ चे मताधिक्य प्रमाणित केले. हॅरिस याच बुश यांच्या राज्यातल्या प्रचाराच्या सहअध्यक्षही होत्या. एकाच व्यक्तीने दोन्ही पदांवर असणे कायद्याला मंजूर होते, ही या प्रकरणातली सर्वांत न पटणारी गोष्ट.

राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबरला ४ विरुद्ध ३ मतांनी, यंत्राने कोरी ठरवलेली मते राज्यभर हाताने मोजण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. १२ डिसेंबरच्या निकालात सात न्यायाधीशांना मोजणीच्या असमान निकषांत घटनात्मक दोष दिसला; मात्र नवे निकष ठरवून मोजायला वेळ उरलेला नाही, हा निर्णय ५ विरुद्ध ४ असा लागला. हा तर्क केवळ याच प्रकरणापुरता, असेही न्यायालयाने लिहून ठेवले. गोर यांनी १३ डिसेंबरला पराभव स्वीकारला.

पुढे वृत्तसंस्थांच्या एका गटाने शिकागोतल्या संशोधन संस्थेकडून न मोजल्या गेलेल्या सुमारे १ लाख ७५ हजार मतपत्रिका तपासून घेतल्या. २००१ च्या शेवटी आलेले उत्तर दोन्ही पक्षांना गैरसोयीचे होते. गोर यांनी मागितलेली मर्यादित फेरमोजणी पूर्ण झाली असती तरी बुशच जिंकले असते. पण राज्यातली सगळी बाद मते तपासली असती, तर गोर अगदी थोडक्यात पुढे गेले असते. न्यायालयात ती मागणी कुणीच केली नव्हती.

फ्लॉरिडाने २००१ मध्ये छिद्रांची कार्डे बंद केली. २००२ च्या संघीय कायद्याने नव्या यंत्रांसाठी राज्यांना पैसा दिला आणि अनेक काउंट्यांनी टचस्क्रीन यंत्रे घेतली. २००६ मध्ये सॅरासोटा काउंटीत अशा यंत्रांवर अमेरिकी संसदेच्या (काँग्रेसच्या) एका जागेसाठी सुमारे १८ हजार मते कोरी निघाली. त्या जागेचा निकाल ३६९ मतांनी लागला होता. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा करून कागदी मतपत्रिका परत आणली.