पणजी राजधानी कशी झाली

पणजीहून रायबंदरला जाणारी बस ज्या अरुंद रस्त्याने जाते, तो खरे तर पूल आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने तो १६३३-३४मध्ये बांधून घेतला. लांबी तीन किलोमीटरहून जास्त. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला मिठागरे. चिऱ्याच्या कमानींखालून भरतीचे पाणी आत शिरते आणि ओहोटीला पुन्हा नदीत जाते. खाजने (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते), खाडी आणि दलदल यांच्या मध्ये पणजी किती एकटी पडली होती, ते हा पूल पाहिला की कळते. माझ्या मते या शहराची सुरुवात इथूनच मोजायला हवी.

राजधानी तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला, आजच्या जुने गोवेंत होती. १५१०मध्ये पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला, तेव्हा पणजीत आदिलशाहाचा वाडा मांडवीच्या तोंडावर पहारा देत होता. पुढे लिस्बनहून येणारी जहाजे आधी इथे लागत आणि मग वर जात.

जुने गोवें मोडले ते मुख्यतः रोगराईने. पटकी आणि हिवताप यांनी वस्ती पोखरली. त्यात १६८३मध्ये संभाजीराजांनी राजधानीजवळच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज हादरले. राजधानी मुरगावला हलवण्याचे काम सुरूही झाले, पण ते तडीस गेले नाही. अखेर १७५९मध्ये व्हाइसरॉय पणजीच्या जुन्या आदिलशाही वाड्यात राहायला आला. 'आदिलखान'चे पोर्तुगीज तोंडात 'इदालकांव' झाले होते. त्यामुळे पोर्तुगालच्या प्रतिनिधीचे घर हरलेल्या सुलतानाच्याच नावाने ओळखले जात राहिले.

वाडा आला म्हणून शहर झाले नाही. त्यासाठी दलदल बुजवावी लागली. हे काम १८२७ ते १८३५ या काळात व्हाइसरॉय दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रु याने नेटाने केले. भराव घातले, सरळ रस्ते आखले, सरकारी इमारती उठवल्या. जुने गोवेंतल्या पडक्या इमारतींचे दगड इकडे आणून वापरले गेले. एक शहर उतरवून दुसरे चढवले म्हणा ना.

२२ मार्च १८४३ रोजी पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिच्या फर्मानाने पणजीला शहराचा दर्जा आणि 'नोव्हा गोवा', म्हणजे नवे गोवें, हे नाव मिळाले. रायबंदर आणि जुने गोवें हेही त्याच नावाखाली आले. सरकारी कागदांवर आणि छापील पुस्तकांवर ते नाव चढले, पण बोलण्यात रुजले नाही.

मूळचे नाव तर फारच जुने. गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्या ११०७च्या लेखात 'पहजनी खली' असा उल्लेख येतो. त्यातल्या 'खली'चा संबंध खाडीशी जोडतात. पणजी-पणजोबांतल्या 'पणजी' या नात्याशी या नावाचे काही देणेघेणे नाही, मराठी कानाला तसे वाटले तरी. पोर्तुगीजांनी त्याचे 'पांजिम' केले आणि १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर 'पणजी' अधिकृत झाले. कोंकणीत मात्र लोक आधीपासूनच म्हणत होते, आजही म्हणतात: पणजें.